मागचं चाक ब्रेकला जाम होतंय: बाबांच्या गाडीवरच्या कामाच्या नोंदी

३ जून

आजपासून सगळं लिहून ठेवते, कारण विषय ब्रेकचा आहे आणि अर्धवट आठवणीवर त्यात काम करायचं नाहीये. संध्याकाळी मी एकटीच बाबांची गाडी घेऊन येत होते, रस्ता नुकताच ओला झालेला, वेग फार तर चाळीस, पुढचा टेम्पो थांबला म्हणून ब्रेक दाबला, तोही जोरात नाही, तरी मागून घासल्याचा आवाज आला आणि गाडीचं बूड चक्क बाजूला सरकलं. ब्रेक सोडल्यावर परत सरळ झाली. टेम्पोला लागली नाही, पण हात अजून थरथरतायत.

गाडीला पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक, एबीएस (जोरात ब्रेकला चाक जाम होऊ न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) नाही, एक लाख बारा हजार किमी झालेत. बाबा रोज चालवतात. घरी आल्यावर चावी माझ्याकडे ठेवून घेतली आणि त्यांना सांगितलं की कारण सापडेपर्यंत गाडी बाहेर काढायची नाही.

४ जून

दादाला घेऊन एका मोकळ्या, कोरड्या मैदानात गेलो, तिथे दुसरं कोणी नव्हतं. ताशी तीसवरून ब्रेक, दर वेळी पेडल थोडं जास्त दाबायचं, दादा बाहेर उभा राहून मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ काढणार, आधी डाव्या बाजूने आणि मग उजव्या बाजूने. नुसतं आवाजावरून कुठलं चाक अडकलं ते आत बसून कळत नाही, मी पैजेवर सांगितलं असतं की उजवं, आणि व्हिडिओत स्पष्ट दिसलं की डावं मागचं. हलक्या ब्रेकलाही ते थांबतं, बाकी तिन्ही फिरत असतात.

अजून तीन गोष्टी कळल्या त्या इथे टाकते. सकाळच्या पहिल्या काही ब्रेकला त्रास सगळ्यात जास्त असतो. ब्रेक लावला की गाडी किंचित डावीकडे ओढते, बाबा म्हणाले "ते तर सहा महिन्यांपासून आहे". आणि आई म्हणाली की आम्ही चौघं असतो तेव्हा असलं काही कधी झालं नाही. या शेवटच्याचा अर्थ आत्ता लागत नाहीये, पण लिहून ठेवते.

चारी टायरची हवा बघितली, बरोबर. मागचे दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच वयाचे, नक्षी सारखीच शिल्लक. हे आधी बघून घ्यावं, डावा टायर गुळगुळीत असता तर एवढ्यावरच उत्तर मिळालं असतं.

६ जून

आज फक्त एकच प्रश्न घेतला. चाक अडकतं ते ब्रेक सोडल्यावर सुटतं का, की तसंच धरून राहतं? ऐकायला सारखंच वाटतं पण ही दोन वेगळी दुखणी आहेत. धरून राहत असेल तर मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला दाब देणारा), फुगलेला होज पाईप, हँडब्रेकची गंजलेली केबल इकडे बघायचं, सुटत असेल पण दाबताना नको तेवढं पकडत असेल तर ड्रमच्या आत किंवा प्रेशरच्या वाटपात बघायचं.

पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावले, मागून जॅक, मग स्टँड (नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, कितीही घाई असो). हँडब्रेक सोडलेला. दादाने पेडल दाबून सोडलं, मी लगेच चाक फिरवून पाहिलं, मोकळं. वीस वेळा केलं, वीसही वेळा मोकळं. हँडब्रेक ओढून सोडला, तरी मोकळं.

एखाद्याचं चाक इथे अडकून राहिलं तर पुढची युक्ती सोपी आहे, म्हणून लिहिते. त्या चाकाचा ब्लीडिंगचा निपल (ऑइल आणि हवा बाहेर काढायचं छोटं तोंड) थोडा सैल करायचा, ब्रेक ऑइलची पिचकारी येऊन चाक सुटलं तर आत प्रेशर अडकलेलं होतं, निपल उघडूनही चाक तसंच राहिलं तर अडचण यांत्रिक आहे, म्हणजे केबल, शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे कमानीसारखे तुकडे), गंजलेला पिस्टन. प्रेशर अडकत असेल तर पुढच्या वेळी आधी मास्टर सिलेंडरजवळचा पाईपचा नट सैल करायचा. तिथे सुटलं तर दोष मास्टर सिलेंडरकडे, तिथे नाही पण चाकाजवळ सुटलं तर मधला रबरी होज आतून सोलला गेलाय आणि तो एकतर्फी झडपेसारखा वागतोय, ऑइल जातं पण परत येत नाही. बाहेरून होज अगदी नवा दिसू शकतो.

माझ्याकडे यातलं काही नाही. म्हणजे आता ड्रम उघडायचा.

७ जून

रविवार, पूर्ण दिवस यातच गेला.

डावा ड्रम निघेना. हातोडी घेण्याआधी ड्रमच्या तोंडावरची दोन आटे असलेली भोकं दिसली, त्यात दोन बोल्ट घालून एक फेरा इकडे एक फेरा तिकडे असं समान आवळत गेलं की ड्रम स्वतःच बाहेर ढकलला जातो. आतली धूळ फुंकायची नाही आणि हवेच्या पाईपने तर अजिबात उडवायची नाही, जुन्या लायनिंगमध्ये (शूवरचा घासणारा थर) ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने ओली करून फडक्याने टिपून घेतली.

पहिल्या नजरेत सगळं ठीक दिसलं. लायनिंग भरपूर होतं, स्प्रिंग जागेवर. वरवर बघून मी ड्रम परत लावलाही असता. मग ऑइलच्या दाबाने शू बाहेर ढकलणाऱ्या व्हील सिलेंडरची रबरी टोपी स्क्रू ड्रायव्हरने थोडी उचलली आणि आतून ब्रेक ऑइल ओघळलं. टोपीच्या आत थोडा ओलावा चालतो असं मॅन्युअलमध्ये आहे, पण हे थेंब होते, आणि शूच्या वरच्या टोकाला दोन बोटं रुंद गडद, तुकतुकीत डाग होता. उजवीकडचा ड्रम उघडून शेजारी ताडून पाहिलं, तिथलं लायनिंग एकसारखं कोरडं, राखाडी.

इथे मला स्वतःला समजून घ्यायला वेळ लागला. ऑइल लागलं तर ब्रेक सरकायला हवा ना, जाम का होईल? पूर्ण भिजला तर सरकतोच. पण थोडंसं ऑइल पिऊन ते गरम होऊन लायनिंगवर चिकट थर बसला की तेवढा भाग ड्रमला एकदम पकडतो. आणि ड्रम ब्रेकचा स्वभाव असा की चाक ज्या दिशेने फिरतं त्या दिशेचा शू ड्रमच्या ओढीने स्वतःच अजून घट्ट दाबला जातो, म्हणजे पकड थोडी वाढली तरी परिणाम कितीतरी जास्त. डिस्कला ही सवय नाही, म्हणून डाग पडलेला पॅड (डिस्कवर दाबला जाणारा) आणि डाग पडलेला शू यांचं वागणं वेगळं असतं. सकाळी तर रात्रीच्या ओलाव्याने ड्रमला आतून गंजाची पातळ साय धरते आणि पहिले दोन-तीन ब्रेक कुठल्याही गाडीत जरा करकरीत लागतात, इथे त्यात हा चिकटपणा मिळाला.

ऑइल नक्की सिलेंडरचंच ना, एक्सलचं नाही ना, हेही बघितलं. ड्रमच्या मधल्या बाजूला, सीलच्या आसपास सगळं कोरडं. ओलावा फक्त वरून खाली आलेला.

ड्रम व्हर्नियरने मोजले. आतल्या कडेला कमाल व्यास १८२ मिमी असं ओतीव अक्षरात आहे. डावा १८०.६, उजवा १८०.५, आडवा-उभा मोजून फरक ०.१ च्या आत. ड्रम ठेवले.

९ जून

दोन्ही बाजूंचे शू आणि दोन्ही व्हील सिलेंडर नवे. उजवा कोरडा होता मग कशाला, असं दादा म्हणाला, पण एका बाजूला नवा आणि एका बाजूला जुना ठेवला तर मीच नवा असमतोल तयार केला असता. डागाळलेला शू घासून परत वापरायचा नाही, ऑइल आत मुरलेलं असतं, गरम झालं की परत वर येतं.

एका वेळी एकच बाजू उघडायची, म्हणजे स्प्रिंग कुठे कशी होती ते दुसऱ्या बाजूला बघता येतं. शू आणि ड्रममधली फट कमी ठेवणारा ॲडजस्टरही डावा-उजवा वेगळा असू शकतो, आटे उलटे असतात, अदलाबदल झाली तर घट्ट व्हायच्या ऐवजी सैल होत जातो आणि पेडल खाली जातं. बॅक प्लेटवर शू जिथे टेकतो त्या सहा ठिकाणी अगदी नखभर उष्णता सोसणारं ग्रीस लावलं. लायनिंगला बोटं लागू दिली नाहीत.

१० जून

परत मैदान. आधी पन्नास-साठ हलके ब्रेक मारून शू बसवून घेतले, मग टेस्ट.

हलक्या ब्रेकला डावं चाक आता अजिबात अडकत नाही. खूप बरं वाटलं. मग जोरात दाबलं, आणि व्हिडिओत आता दोन्ही मागची चाकं एकदम थांबलेली, पुढची अजून फिरतायत. गाडी डावीकडे ओढायचीही थांबलेली नाही.

म्हणजे एक दोष गेला आणि त्याच्या मागे उभा असलेला दिसायला लागला. मी मागच्या डाव्या चाकात इतकी अडकले होते की ओढणंही त्याचंच असणार असं धरून चालले होते.

दादाने इन्फ्रारेड थर्मामीटर आणला होता. चाळीसवरून दहा मध्यम ब्रेक, लगेच उतरून मोजमाप, पुढे डिस्कवर आणि मागे ड्रमवर. पुढचं डावं ११८ अंश, पुढचं उजवं ७१, मागचं डावं ६६, मागचं उजवं ६४. मागची जोडी जुळते. पुढची नाही. उजवं पुढचं चाक कामच कमी करतंय, म्हणून गाडी डावीकडे ओढते, आणि गाडी कमी थांबते म्हणून आपण पेडल अजून दाबतो, त्या जादा दाबाने मागची चाकं जाम होतात. जे चाक जाम होतंय ते दोषी असेलच असं नाही, दुसरं चाक आळशी असल्याची शिक्षा ते भोगत असू शकतं.

११ जून

उजवा पुढचा कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून पॅडने पकडणारा चिमटा. खालची स्लाइड पिन हाताने हलेना, पान्याने फिरवून ओढून काढली, ग्रीस वाळून डांबरासारखं झालेलं आणि पिनेला गंजाचे खड्डे. रबरी बूट एका जागी फाटलेला, पाणी तिथूनच गेलं असणार. आतला पॅड ३ मिमी उरलेला, बाहेरचा ७. हा फरकच सांगतो, कारण पिस्टन आतल्या पॅडला ढकलतो आणि बाहेरचा पॅड ओढून आणायला पूर्ण कॅलिपर पिनांवरून सरकावा लागतो. पिन अडकली की बाहेरचा पॅड नुसता प्रेक्षक. पिस्टन मात्र आत ढकलताना छान सरकला, त्याला हात लावला नाही.

पिना आणि बूट नवे, भोकं साफ, सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस, साधं ग्रीस नाही कारण खनिज तेलाने ब्रेकची रबरं फुगतात. दोन्ही बाजूंना नवे पॅड. कॅलिपर होजवर लोंबकळू दिला नाही, तारेने बांधून ठेवला.

परत दहा ब्रेक: डावं ९७, उजवं ९४. ओढणं गेलं.

जोरात ब्रेकला मागची चाकं अजूनही पुढच्यांच्या आधी थांबतायत. पूर्वीपेक्षा उशिरा, पण आधीच.

१४ जून

काल रात्री कागदावर हिशोब मांडला. गाडी आणि मी मिळून ९०० किलो धरू, उभ्या रिकाम्या गाडीत पुढे ६० टक्के, मागे ४०, म्हणजे मागच्या चाकांवर ३६० किलो. दोन एक्सलमधलं अंतर २.४ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर असं धरलं. गुरुत्वाच्या ०.६ पट मंदन येईल इतका ब्रेक लावला तर ९०० × ०.६ × ०.५ ÷ २.४ म्हणजे साधारण ११२ किलो भार मागून पुढे जातो. मागे उरतात २४८. जवळजवळ एक तृतीयांश वजन तेवढ्यात उडालं, आणि तेवढीच पकड कमी झाली. मागच्या ब्रेकला तेच प्रेशर मिळत राहिलं तर चाक थांबणारच, यात शू आणि ड्रमचा काही दोष नाही.

पुढची चाकं आधी जाम झाली तर स्टिअरिंग काम करत नाही पण गाडी सरळ जाते. मागची आधी झाली तर ती बाजूला सरकायला मोकळी होतात आणि गाडी फिरते, ३ तारखेला झालं ते हेच. म्हणूनच गाडी बनवताना मागचं प्रेशर ठराविक मर्यादेनंतर कमी वाढेल अशी सोय करतात.

आणि मग आईचं वाक्य आठवलं. चौघं असताना होत नाही.

मागे दोन माणसं बसली की मागे वजन असतं, जास्त प्रेशर झेपतं. या गाडीत एलएसपीव्ही आहे, म्हणजे मागचा भार बघून प्रेशर ठरवणारा व्हॉल्व्ह, बॉडीला बसवलेला आणि त्याचा एक दांडा स्प्रिंगने मागच्या एक्सलला जोडलेला. वजन पडलं, बॉडी खाली आली, दांडा वर उचलला गेला, की मागे जास्त प्रेशर सोडतो. रिकामी गाडी उंच राहते, दांडा खाली, तेव्हा कमी. आमची गाडी भरलेली असताना नीट वागते आणि रिकामी असताना मागचं प्रेशर जास्त, म्हणजे व्हॉल्व्हला कायम वाटतंय की मागे माणसं बसलीत.

सकाळी मागून गाडी स्टँडवर घेतली, एक्सल खाली लोंबला, दांडा त्याबरोबर खाली यायला हवा होता. स्प्रिंग ताणली गेली आणि दांडा जागचा हलला नाही. वाकून बघितलं तर मुळाशी चिखल आणि गंज यांचा एक गोळा. दहा दिवस मी त्याच्या शेजारी आडवी पडून काम करत होते.

१५ जून

दादाच्या ओळखीचे एक काका आहेत, पूर्वी मोठ्या वर्कशॉपमध्ये ब्रेकच्याच कामावर होते, त्यांच्याकडे प्रेशर गेजची जोडी आहे. त्यांना सगळं सांगितलं तर म्हणाले, "दांडा सुटला म्हणून खूश होऊ नकोस पोरी, आतला पिस्टन सरकतोय का ते गेज सांगेल."

एक गेज पुढच्या निपलला, एक मागच्या, एअर काढून घेतली. इथे एक चूक होता होता राहिली, मी गाडी स्टँडवर ठेवूनच मोजायला निघाले होते आणि काकांनी थांबवलं. दांड्याची जागा एक्सलवर अवलंबून, म्हणून मोजताना गाडी चारी चाकांवर, सपाट जमिनीवर, रिकामी हवी.

दांडा अडकलेला असताना पुढे ६० बार, मागे ५८. म्हणजे मागच्याला जवळपास सगळंच मिळतंय. दांडा गंज सोडवायच्या स्प्रेने आणि हळूहळू हलवून मोकळा केला, परत मोजलं, पुढे ६०, मागे ४४. पाच मिनिटांनी परत, मागे ५१. परत, ४७. दर वेळी वेगळा आकडा. काकांनी नुसती मान हलवली. आतही गंज आहे, पिस्टन कुठेही थांबतोय. व्हॉल्व्ह बदलायचा, दांडा सोडवून गाडी बाबांच्या हातात देणं मला पटलंच नसतं.

ब्रेक ऑइल किती वर्षांचं आहे ते बाबांना आठवत नाही. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आतून गंज तिथूनच येतो, आणि उकळायचा बिंदूही उतरतो. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंश, पाणी मुरलेलं धरून किमान १५५.

१८ जून

आत्येभावाचा फोन, त्याच्या गाडीत हा व्हॉल्व्ह सापडत नाही म्हणे. त्याच्या गाडीला एबीएस आहे, तिथे हे काम ईबीडी करतं, चाकांच्या सेन्सरवरून बघून मागचं प्रेशर तिथल्या तिथे आवरतं. त्याला एकच सांगितलं, एबीएसचा आणि ब्रेकचा लाल असे दोन्ही दिवे एकदम लागले तर ईबीडीही बंद पडलेलं असू शकतं आणि मागची चाकं लवकर जाम होऊ शकतात, तशी गाडी "ब्रेक तर लागतोय" म्हणून दामटायची नाही.

२१ जून

नवा व्हॉल्व्ह आला, बसवला. पाईपचे नट गंजलेले, फ्लेअर नट पाना वापरला, साध्या पान्याने कडा गोल झाल्या असत्या. तरी एक पाईप नटाबरोबर पिळला जायला लागला तेव्हा थांबले आणि तो तुकडाही नवा घेतला.

पूर्ण ऑइल बदललं, मॅन्युअलमधल्या क्रमाने, या व्हॉल्व्हला स्वतःचाही निपल आहे तो विसरायचा नाही. दादा पेडलवर, मी खाली, "दाब, धर, सोड" शंभरेक वेळा झालं असेल, टाकीतलं ऑइल तळाला जाऊ द्यायचं नाही यावर आईने लक्ष ठेवलं. आधी चहासारखं काळपट निघत होतं, शेवटी पिवळसर स्वच्छ. बॉडीवर सांडलेलं लगेच पाण्याने धुतलं, रंग खातं ते.

दांड्याची लांबी आमच्या मॉडेलच्या मॅन्युअलप्रमाणे, काका गेज घेऊन आले. रिकामी गाडी, पुढे ६०, मागे ३६. पाच वेळा मोजलं, पाचही वेळा ३५ ते ३६. मॅन्युअलमधल्या हद्दीत. मग दादा आणि आई मागे बसले, मागचा काटा ४८ वर गेला, ते उतरले आणि तो परत ३६. मी तीनदा त्यांना बसायला-उतरायला लावलं, गरज म्हणून नाही, तो काटा हलताना बघायचा होता.

२२ जून

मैदान, आधी कोरडं, मग एक पट्टा पाणी मारून ओला केलेला. मी एकटी गाडीत, मागे काही नाही.

कोरड्यावर जोरात दाबूनही मागची फिरत राहिली, अगदी शेवटी पुढची दोन्ही जाम झाली, गाडी सरळ. ओल्यावर तीसवरून जोरात दाबलं, पुढची आधी थांबली, मागची अजून फिरतायत, गाडी रेघ आखल्यासारखी सरळ. सहा वेळा केलं. सहाही व्हिडिओ एकेक फ्रेम करून बघितले.

१२ जुलै

पाचशे किमी झाले, यातले बरेचसे मीच चालवले. दोन्ही ड्रम उघडले, सिलेंडरच्या टोप्या उचलून बघितल्या, कोरड्या. शूवर डाग नाही. स्लाइड पिना बोटाने सरकतायत. व्हॉल्व्हचा दांडा हाताने वर-खाली केला, मोकळा, मुळाशी साचलेला चिखल धुतला. ऑइलची पातळी जिथे खूण केली होती तिथेच. ऑइल बदलल्याची तारीख टाकीच्या झाकणाजवळ चिकटपट्टीवर लिहून लावली.

संध्याकाळी बाबांना चावी परत दिली.